चढाची जोडी, उताराचा ब्रेक

आंदर मावळात पिकअप घ्यायची ठरली की माणूस शोरूममध्ये जाण्याआधी माझ्याकडे येतो आणि मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचे पाटे मोजतो. मी पाटेवाला. तुटलेले पाटे बदलणं, बसलेल्या पाट्यांना कमान देणं, यू-बोल्ट आवळणं हा माझा धंदा. वडील जीपगाड्यांच्या गॅरेजात होते. आजोबा लोहार, बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचे. तीन पिढ्यांनी आंदर मावळाचं ओझं वाहणाऱ्यांची चाकं आणि कणे सांभाळले, एवढाच माझा या विषयावर बोलायचा अधिकार.

प्रश्न ठरलेला असतो. "अण्णा, बारकी घेऊ का जड? वर खांडीला जायचं, भाताची पोती आहेत, कधी ट्रॉली ओढायची, कुणाची अडकली तर टोचन द्यायचं." मी उत्तर द्यायच्या आधीच पोरगं आपलं आपण म्हणतं, "जडच बरी, नाही का?" हप्ता जड असतो हे त्याला माहीत असतं, पण घरात मोठी गाडी उभी असली की सोयरीक जुळायला बरं पडतं. ते कारण मी खोडत नाही. बाकीची कारणं मात्र तपासून घेतो, कारण या मावळात जड आणि हलकं यांचा झगडा मोटारीच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

सगळ्यात मोठा धडा आमच्या वडगावातच घडला. १७७८ सालच्या डिसेंबरात मुंबईची इंग्रज फौज राघोबादादांना घेऊन बोरघाट चढून खंडाळ्याला आली. लढणारी माणसं चार हजारांच्या आत, आणि ओझ्याचे बैल एकोणीस हजार! तोफा, दारूगोळा, रसद, साहेबांचं सामान. खंडाळा ते तळेगाव हे अंतर आज आगगाडीनं तासाभराच्या आतलं. त्या फौजेला ते कापायला पंधरवड्याहून अधिक लागलं. मराठ्यांचे घोडेस्वार आजूबाजूच्या डोंगरांतून उतरून टिपायचे आणि परत दिसेनासे व्हायचे. ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याला कॅप्टन स्ट्युअर्ट पडला, ज्याला आपले लोक इष्टुर फाकडा म्हणतात आणि ज्याची समाधी वडगावात आहे. फौज तळेगावला पोचली तेव्हा मराठ्यांनी गाव जाळून मोकळं केलं होतं, दाणावैरण काही नाही. तेव्हा इंग्रजांनी अवजड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या, जास्तीचं सामान जाळलं आणि रात्रीच्या अंधारात माघार धरली. वडगावात घेरले गेले आणि तह लिहून द्यावा लागला.

शाळेत हा महादजी शिंद्यांचा विजय म्हणून शिकवतात, आणि तो होताच. माझ्या धंद्यातल्या माणसाला मात्र त्यात पहिल्यांदा ओव्हरलोड दिसतो. घाट चढवून आणलेली सगळ्यात जड वस्तूच शेवटी पाण्यात टाकावी लागली.

त्या काळी घाटातली वाहतूक चाकावर नव्हतीच, पाठीवर होती. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून चालायचे. एका बैलावर सव्वाशे-दीडशे किलोपेक्षा जास्त ओझं घालत नसत. आंदर मावळाचा त्यांचा रस्ता म्हणजे कुसूरचा घाट. वडेश्वर, कुसूर करत डोंगराच्या कडेला यायचं आणि खाली कर्जतकडच्या भिवपुरीला उतरायचं. जागोजागी मोठे दगड बसवून केलेली फरसबंदी अजून सापडते. ती खुरांसाठी केलेली आहे, तिथं गाडी चालणार नाही. १८२५ मध्ये बिशप हेबर बोरघाटानं गेला, त्यानं लिहून ठेवलं आहे की रस्ता रुंद आहे पण चढ इतका खडा की भरलेली गाडी नेणं अवघड, माणसं पायी किंवा घोड्यावर आणि माल बैलांवर किंवा तट्टांवर. वेलस्लीनं १८०४ च्या आसपास तोफा जातील असा रस्ता काढला होता, तरी ही अवस्था. चाकांची गाडी सुखानं चढेल असा घाटरस्ता १८३० साली माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला.

रस्ता झाला, पण गाडी कुठं होती? ही गोष्ट मला फार आवडते आणि कुणी सांगत नाही. तेव्हा दख्खनमध्ये गाडे होते ते मोजके, जमिनीपासून वीतभर उंच, अखंड दगडाच्या चाकांचे. एवढे महाग की थोड्या धनवानांकडे असायचे आणि ते भाड्यानं द्यायचे. म्हणजे त्या काळची हेवी ड्यूटी! शेतकऱ्याला माल बाजारात न्यायचा तर पाठीवरचा बैल नाहीतर हे भाड्याचं धूड. १८३६ च्या सुमारास गैसफर्ड नावाच्या लेफ्टनंटनं सोलापूरच्या रस्त्यावर टेंभुर्णीला कारखाना काढून हलकी, स्वस्त, एका जोडीनं ओढता येणारी गाडी बनवायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत गावोगावचे सुतार-लोहार तशी गाडी बनवायला शिकले आणि दगडी चाकाचा गाडा दिसेनासा झाला. दख्खनची वाहतूक बदलली ती अशी, ओझं थोडं कमी घेऊन पण शेतकऱ्याच्या दारात उभं राहणाऱ्या गाडीनं.

आजोबा ज्या चाकांना धाव चढवायचे ती याच घराण्यातली. गोवऱ्यांच्या भट्टीत धाव लाल करायची, चार माणसांनी चिमट्यांनी उचलून लाकडी चाकावर बसवायची आणि लगेच पाणी मारायचं. धाव आक्रसली की आरे तुंब्यात करकचून बसतात. आजोबा म्हणायचे, जाड धाव लावून घ्यायला सगळे येतात, पण जाड धाव चिखलात खोल जात नाही हे खरं असलं तरी चढाला बैलाची छाती फोडते. गिऱ्हाइकाला पटायचं नाही. त्याला जाडच हवी असायची.

बैलांतही हाच पेच होता. पावसातल्या चिखलणीला डांगी बैल लागतो. अकोल्याकडच्या राजूरला त्याचं प्रदर्शन भरतं. काळा-पांढरा, सावकाश चालणारा, तेलकट कातडीचा, पावसात दिवसभर उभा राहिला तरी खचत नाही. खिलार वेगाचा, माणदेशातला, खरसुंडीच्या बाजारातून येणारा. तो रस्त्याचा आणि शर्यतीचा बैल, आमच्या खाचरात गुडघाभर चिखलात त्याचा जीव रमत नाही. ज्याची ऐपत असे तो दोन्ही बाळगी. बाकीचे आपली जोडी कामाची ठेवायचे आणि वेळ पडली की दुसऱ्याची मागायचे. भात लावणीला इर्जिक, तसंच घाटाला जोडी.

घाटाला जोडी म्हणजे काय ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावर उभं आहे. भरलेली गाडी चढाला लागली की पुढं आणखी एक जोडी जुंपायची. ती जोडी त्या गाडीवाल्याची नसे. पायथ्याच्या माणसाची, नाहीतर मागून येणाऱ्या गाडीची. वर पोचलं की सोडायची आणि पुढच्याची गाडी आणायला परत खाली. तेवढ्या चढासाठी कुणी वर्षभर चार बैलांना वैरण घालत नव्हतं.

रेल्वेनंही नेमकं हेच केलं, फक्त वाफेवर. पुण्याहून खंडाळ्यापर्यंत आगगाडी १८५८ साली आली, घाटाचं काम मात्र बाकी होतं. खंडाळ्यापासून खालच्या खोपोलीपर्यंत उतारू डोलीतून, तट्टावरून, गाडीतून जायचे. वरती धावणाऱ्या गाडीचे रूळ, डबे आणि इंजिनंसुद्धा त्याच रस्त्यानं चढवावी लागली असणार, दुसरी वाटच नव्हती. घाटाचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल या साहेबानं घेतलं, तो १८५९ मध्ये इथं येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याच्या बायकोनं, ॲलिस ट्रेडवेलनं, काम पुढं चालवलं. १८६३ साली घाट खुला झाला. जवळजवळ सोळा मैलांत १८३१ फूट चढ, पंचवीस बोगदे, आणि सगळ्यात खडा चढ सदतीसला एक. मध्ये एका ठिकाणी गाडी थांबून तोंड फिरवायची, तो रिव्हर्सिंग स्टेशनचा प्रकार १९२९ पर्यंत चालला.

आता विचार करा, मुंबईपासून पुण्यापर्यंत प्रत्येक गाडीला घाट चढण्याइतकं जड इंजिन लावलं असतं तर कल्याणच्या सपाटीवर ते काय करत बसलं असतं? म्हणून कर्जतला मागं बँकर लागतात. दोन-तीन इंजिनं गाडीला खालून ढकलत लोणावळ्यापर्यंत येतात, सुटतात आणि परत कर्जतला जातात. कर्जतला गाडीत बसून वडापाव खाताना मागच्या बाजूनं जो हलकासा धक्का बसतो तो बँकर जोडल्याचा. पायथ्याची ती जोडीच आहे, नुसती लोखंडाची.

उतरताना मात्र हिशेब वेगळा. चढाला ताकद उसनी मिळते, उताराला ब्रेक उसना मिळत नाही. रेल्वेला हे कळलं होतं. घाटात उतरणाऱ्या गाडीला ठरलेल्या ठिकाणी थांबून ब्रेक तपासून घ्यावे लागतात, आणि वाटेत कॅच सायडिंग आहेत. गाडी ताब्यात नसेल तर ती मुख्य मार्गावर जातच नाही, चढाच्या आंधळ्या फाट्यावर जाऊन रुतते. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत वीज आली तेव्हा घाटासाठी जी लांब नाकाची विजेची इंजिनं आणली, ज्यांना रेल्वेची माणसं खेकडा म्हणायची, त्यांची खुबी ओढण्यापेक्षा रोखण्यात होती. उतरताना मोटारच उलटी वीज तयार करायची आणि गाडीला धरून ठेवायची. बैलगाडीवाले यासाठी मागं लाकडाचा ओंडका बांधून घसटत आणायचे, नाहीतर चाकाला साखळी घालायचे. आजोबांकडे घाटावरून येणाऱ्या गाड्यांची धाव एकाच जागी चपटी झालेली असायची ती या साखळीमुळं.

याच काळात आंदर मावळाचं मधलं पोट पाण्याखाली गेलं. टाटांच्या आंध्र व्हॅली कंपनीनं आंद्रेवर ठोकळवाडीचं धरण बांधलं, पाणी डोंगरातून भिवपुरीला सोडलं आणि १९२२ मध्ये तिथं वीज तयार व्हायला लागली. जुन्या सरळ वाटा बुडाल्या. तलावाला वळसा घालणारे रस्ते आले, आणि वळसा म्हणजे आमच्याकडे चढ-उतार. गावं डोंगराच्या कडेला चिकटून बसली. आज पिकअपचे पाटे मोजणाऱ्या पोराची खरी अडचण तिथून सुरू होते. मुंबईला वीज गेली, आम्हाला वळणं मिळाली. असो.

मोटारीचं युग वडिलांच्या हातून गेलं. महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिज जीप जोडायला घेतली, आणि लष्करातून निघालेल्या, लिलावात घेतलेल्या जीपा पुढं बरीच वर्षं आमच्याकडे चढायच्या. मागं छोटा ट्रेलर अडकवलेला असायचा. खरं ओढणं, ज्याला पिकअपवाले ओढणं म्हणतात, ते मावळात त्या जीपनं केलं. त्यानंतर बजाज टेम्पोची तीन चाकी, जिला सगळा महाराष्ट्र डुक्कर म्हणायचा. सपाटीला बिनतोड, चढाला पुढचं चाक उचलायची.

मग १९८६ आलं. जपानी कंपन्यांशी हातमिळवणी करून चार-चार हलके ट्रक एकदम बाजारात उतरले होते, निसान, टोयोटा, मित्सुबिशी, माझदा. टाटांच्या टेल्कोनं आपल्याच माणसांकडून चारशेसात काढली. पिंपरीत बनलेली ही गाडी दोन-अडीच टन उचलायची आणि जास्त भरली तरी कुरकुरायची नाही. जपानी गाड्या सफाईदार होत्या, त्यांचे पाटे मात्र आमच्या रस्त्याला मऊ. त्यातल्या काही आज शोधूनही सापडत नाहीत, चारशेसात अजून धावते. वडिलांचा धंदा खरा तिनं वाढवला. जो माणूस गाडीवर तिच्या कुवतीबाहेर विश्वास टाकतो तोच पाटेवाल्याला जगवतो.

२००५ साली उलट बाजूनं टाटांनीच छोटा हत्ती आणला. दोन सिलिंडर, सातशे दोन सीसी, पाऊण टन. मोठे ट्रकवाले हसले. वर्ष-दोन वर्षांत टाकव्याच्या फाट्यावर दूध, भाजी, सिमेंट, लग्नाचं मांडव-सामान सगळं तिच्यात. मला टेंभुर्णीची गाडी आठवली. दारात उभी राहणारी हलकी गाडी जड गाडीला बाजारातून नव्हे, पण रोजच्या कामातून हाकलते.

आता या दोघींच्या मध्ये बोलेरो पिकअप बसली आहे आणि तिच्यातच हलकी-जड अशी वाटणी झाली. २०२३ पासून कंपनीनं नावातच ती केली, एक सिटी आणि एक एचडी. सिटी सव्वा-दीड टनाच्या आसपास, एचडी दोन टनांपर्यंत. माझा भाचा टेक्सासात आहे, तो सांगतो तिथं हाच वाद घरोघरी चालतो. त्यांच्याकडे ओझं हौद्यात कमी आणि मागच्या ट्रेलरवर जास्त, घोडे, बोट, चाकावरचं घर. त्यांच्या गाड्यांना अजून अर्धा टन, पाऊण टन, एक टन अशी जुनी नावं आहेत, जरी अर्ध्या टनवाली आता त्याच्या दुप्पट ओझं उचलते. फोर्डनं १९७५ मध्ये एफ-१५० काढली तीसुद्धा हलक्या गाड्यांना लागणाऱ्या धुराच्या नियमातून निसटावं म्हणून तिचं वजन थोडं वर ठेवून. म्हणजे जड होण्यामागं दरवेळी ओझं असतंच असं नाही.

आपल्याकडे ट्रेलर ओढायचं काम पिकअपचं नाही, ट्रॅक्टरचं. पोरांना मी हे आधी सांगतो. एचडीच्या मागं हुक लावून ट्रॉली ओढायची हौस असेल तर ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे का बघ. नसतो. खांडीच्या उताराला भरलेली ट्रॉली पुढच्या गाडीला ढकलते, मागचं टोक तिरकं होतं, आणि इंजिनाची ताकद कितीही असली तरी त्या क्षणाला उपयोगाची नसते. एक्सप्रेसवेच्या घाटात जे ट्रक ब्रेक फेल म्हणून पेपरात येतात त्यातले कितीतरी डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरलेले असतात. गिअर हा उताराचा पहिला ब्रेक, लायनर दुसरा. लायनर तापले की दुसरा गेलाच.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. दररोज भात, दूध, खत, सिमेंट वाहायचं असेल आणि वर्षातून दोन-चारदाच जड काम, तर हलकी घे आणि त्या दिवसांपुरता गावातला ट्रॅक्टर सांग. पण दररोज वरून खाली भरून उतरायचं असेल, विटा, खडी, पाण्याच्या टाक्या, तर जड घे. चढाच्या बढाईसाठी नव्हे, मोठ्या ड्रमसाठी आणि मागच्या कण्यासाठी.

एका गिऱ्हाइकाला मात्र यातलं काही लागू पडत नाही. बैलगाडा शौकीन! २०१४ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या. २०२१ च्या डिसेंबरात त्यांना परत परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा मान्य केला. मधल्या सात वर्षांत माझ्याकडचे पिकअपवाले निम्मे बदलले होते. बंदी उठली तसे सगळे परत आले, नव्या गाड्या घेऊन. ज्या खिलार बैलानं एकेकाळी गाडी ओढली तो आता पिकअपच्या हौद्यात उभा राहून घाटाला जातो. घाट म्हणजे शर्यतीचा घाट, चढती माती, पुढं घोडी, मागं धुरेची जोडी आणि जुकाटाची जोडी, सेकंदांत मोजायची बारी. हौद्यात दोन बैल उभे केले की टनाच्या आतबाहेर वजन होतं, त्यामुळे भार म्हणून एचडी लागत नाही. पण हा भार जिवंत असतो. वळणाला पाय रोवतो, बुजला की एका बाजूला रेलतो. मऊ पाट्यावर गाडी झुलते, कडक पाट्यावर बैलाचे सांधे आदळतात. शौकीन मालक एचडी घेऊन येतो, हौद्यात रबरी चटई आणि वर भुसा टाकून देतो आणि मला म्हणतो, "अण्णा, एक पाटा काढा, माझा राजा उतरला की लंगडतो." मी काढतो. दोन लाख जास्त मोजून घेतलेल्या गाडीतला जडपणा असा माझ्या दुकानाच्या भिंतीला टेकून ठेवलेला असतो.

कायद्याच्या पुस्तकात हे सगळे हलकेच. साडेसात हजार किलोपर्यंतची गाडी ती हलकी, म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, चारशेसात एकाच पंगतीत. त्यांना साध्या लायसन्सवर भाड्यानं चालवता येतं की नाही यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालला. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायाधीशांनी चालतं म्हणून निकाल दिला. वडेश्वरच्या पोरांनी त्या दिवशी पेढे वाटले नाहीत, कारण ते आधीपासून तसंच चालवत होते.

टोचनाचा नियमही पुस्तकात आहे. दोन गाड्यांमधलं अंतर ५ मीटरपेक्षा जास्त नको, वेग ताशी २५ च्या वर नको. आमच्याकडे आणखी काही आहेत, ते कुठं लिहिलेले नाहीत. पावसात खांडीच्या चढाला गाडी रुतली तर खालून येणारा पहिला माणूस थांबतो, त्याची छोटी असली तरी. पट्टा ओढणाऱ्याचा, शॅकल अडकलेल्याची. साखळी वापरायची नाही, तुटली तर काच फोडून आत येते. पट्ट्याच्या मध्यावर ओलं गोणपाट टाकायचं. चढाला दोन छोट्या गाड्या एकामागून एक जोडल्या तरी चालतात. उताराला बंद गाडी ओढायची वेळ आली तर टोचन द्यायचं नाही, ट्रॅक्टर यायची वाट बघायची, मग तो टाकव्याहून संध्याकाळी का येईना. डिझेल अडकलेल्याचं. पैसे कुणी घेत नाही, पण पुढच्या वेळी त्याची रुतली की तुझी गाडी थांबली पाहिजे, आणि नाही थांबली तर ते गावात आठवणीत राहतं.